रेघ ओढली की घडली? औशाच्या विहिरीतल्या चकचकीत दगडाबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात तुमच्या शेतातली जुनी विहीर खोल करायचं काम चालू आहे. ३८ फुटांच्या आसपास सुरुंग उडवल्यावर एका अंगाचा दगड निघाला आणि मागे तिरपा, चकचकीत पृष्ठभाग उघडा पडला. त्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक बारीक रेघा आहेत. यारीवाला, म्हणजे विहिरीतला दगड वर ओढणारं यंत्र चालवणारा, म्हणाला, "ही भूकंपाची रेघ आहे, इथं हात लावू नका." पुतण्याने मोबाईलवर फोटो टाकून शोधलं, तर 'स्ट्रायेशन' हा शब्द आला आणि खाली हिमनद्यांची चित्रं आली. नववीतल्या मुलीने तो शब्द बघून सांगितलं की हा तर आमच्या स्नायूंच्या धड्यात आहे. आता तुम्ही विचारताय की हा शब्द आहे तरी कशाचा, आणि आपल्या विहिरीत हिमनदी, भूकंप की तिसरंच काही.

मी भूजलाच्या कामात तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक मराठवाड्यात. कितीतरी विहिरींत उतरलो. तरीही फोटोवरून ठाम निदान करायला कचरतो, आणि का कचरतो ते पुढे येईलच. पण तुमच्या गोंधळाचं मूळ दगडात कमी आणि शब्दात जास्त आहे, म्हणून सुरुवात शब्दापासून करतो.

लॅटिनमध्ये 'स्ट्रिया' म्हणजे चर, खाच, तास. दगडी खांबावर उभ्या पन्हळी कोरतात, त्यांनाही रोमन लोक हाच शब्द वापरत. आपल्या शेतात तिफण चालून गेल्यावर मातीत तीन काकर उमटतात ना, शेजारी शेजारी, एकाच अंतराने, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत? ते डोळ्यांसमोर आणलंत की स्ट्रिया कळली. त्यावरून स्ट्रायेशन म्हणजे समांतर रेघा, खाचा किंवा पट्टे असणं. शब्दाचा अर्थ तेवढाच आहे. रेघा कशा दिसतात हे तो सांगतो, कशाने पडल्या याबद्दल काही बोलत नाही. मोबाईलने तुम्हाला हिमनदी दाखवली, कारण या शब्दाखाली हिमनदीचे फोटो भरपूर आहेत. त्याने तुमच्या दगडाची परीक्षा केलेली नाही.

म्हणून या शब्दाला सगळीकडे चालेल असा एकच मराठी प्रतिशब्द शोधण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. दगडावर घासून पडल्या तर ओरखडे म्हणा, स्नायूत असतील तर पट्टे म्हणा (पाठ्यपुस्तकातले 'पट्टकी स्नायू' ते हेच), स्फटिकावर असतील तर रेघा म्हणा. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांत 'स्ट्रियाटा' आलं की पट्टेरी किंवा रेघारेघांचा. आपल्या तळ्यातला मरळ मासा चन्ना स्ट्रियाटा, आणि बांधावर घोळक्याने कलकलाट करणारे सातभाई अर्ग्या स्ट्रियाटा. एक गंमत मात्र सांगायला हवी. ज्वारीच्या मुळावर जगणारा टारफुला, त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रायगा. ऐकायला याच घराण्यातलं वाटतं, पण ते लॅटिनमधल्या चेटकिणीवरून आलंय. मी स्वतः बरीच वर्षं त्याला रेघांच्या खात्यात घालत होतो.

आता मुद्द्यावर. समांतर रेघा दिसल्या की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो: ही रेघ बाहेरून कुणी ओढली आहे, की वस्तू घडताना आतूनच तयार झाली आहे? जगातली बहुतेक स्ट्रायेशनं या दोनपैकी एका घरात बसतात. ओढलेली रेघ वरवरची असते. पृष्ठभाग फोडला की ती संपते. घडलेली रेघ आतपर्यंत जाते, किंवा निदान आतल्या रचनेचीच बाहेर दिसणारी खूण असते. हा फरक पक्का केल्याशिवाय पुढचं काही बोलू नये, असं माझं मत आहे.

ओढलेल्या रेघांत सगळ्यात आधी माणसाचा हात तपासा. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, तोंडघशी पडून शिकलोय. १९९५ साली बीडकडे एका पाझर तलावाच्या खोदकामात मला मुरमाच्या कापावर तिरप्या समांतर खाचा दिसल्या. नोकरीत नवीन होतो, डोक्यात भ्रंश (खडक तुटून दोन बाजू सरकलेली जागा) आणि भूकंप भरलेले. वहीत मोठ्या ऐटीत 'भ्रंश-पृष्ठ' लिहिलं, दिशा मोजली, नकाशावर तांबडी रेघ मारली. आठवड्याने आमचे वरिष्ठ आले. त्यांनी काही न बोलता खिशातून टेप काढला आणि खाचांमधलं अंतर मोजायला लावलं. सगळी अंतरं सारखी. मग ते शेजारी उभ्या पोकलेनकडे गेले आणि त्याच्या बकेटच्या दातांवर तोच टेप धरला. मी नकाशा गुंडाळून ठेवला. निसर्गाने ओढलेल्या रेघांचं अंतर आणि खोली कमीजास्त होते, काही मध्येच विरतात. यंत्राचे दात मात्र हिशोबाने चालतात. तुमच्याकडे ब्रेकर लावला असेल तर त्याच्या टोकाचे ओरखडे, सुरुंगासाठी मारलेल्या भोकांच्या अर्ध्या नळ्या, हे सगळं आधी बाजूला काढा. वेरूळला गेलात तर लेण्यांच्या भिंतींवर छन्नीचे समांतर घाव बघा, अजिंठ्याच्या अर्धवट राहिलेल्या लेण्यांत तर ते फार स्पष्ट आहेत. तीही स्ट्रायेशनंच म्हणायची, ओढणारा पाथरवट.

आता हिमनदी. बर्फाच्या तळाशी दगडगोटे गोठून अडकलेले असतात. बर्फ सरकताना ते खालचा खडक घासत नेतात, पॉलिश पेपर लाकडावर फिरवावा तसे. खडक गुळगुळीत होतो आणि त्यावर लांबच लांब सरळ ओरखडे राहतात. त्यावरून बर्फ कोणत्या रेषेत सरकला ते कळतं. पण त्या रेषेच्या कोणत्या टोकाकडे, हे नुसत्या ओरखड्यांवरून ठरत नाही, त्याला इतर खुणा लागतात.

असा खडक महाराष्ट्रात आहे, हे अनेकांना खरं वाटत नाही. आपल्या नांदेड-हिंगोलीच्या उत्तर हद्दीवरून वाहणारी पैनगंगा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात जाते. तिथे इरई गावाजवळ चुनखडकाचा असा ओरखडलेला पृष्ठभाग आहे आणि त्यावर हिमनदीने आणून टाकलेल्या गोट्यांचा थर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले फेडन यांनी १८७५ मध्ये त्याबद्दल लिहिलं. विदर्भातल्या उन्हात बर्फाची खूण! ती साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका वगैरे एकत्र गोंडवन भूखंडात होते आणि आपला भाग दक्षिण ध्रुवाकडे सरकलेला होता.

पण म्हणून तुमच्या विहिरीत हिमनदी येत नाही. कारण साधं आहे. तुमचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, दख्खनच्या लाव्ह्यातून घडलेला, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. इथला बर्फ वितळून वीस कोटींहून जास्त वर्षं उलटल्यावर तो जन्मला. जो दगड तेव्हा नव्हताच, त्याला हिमनदी ओरखडणार कशी? पुढे लाखो वर्षांपूर्वी हिमयुगं आली, पण तेव्हाही लातूरकडे हिमनदी आलेली नाही. लाव्ह्याच्या खाली जुन्या खडकावर काय दडलंय हा वेगळा विषय. किल्लारीला भूकंपानंतर ६१७ मीटर खोल बोअर घेतला, त्यात बेसाल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. तुम्ही ३८ फुटांवर आहात. तिथवर पोचायचं तर अजून बराच दगड फोडावा लागेल. (देगलूर, बिलोलीकडून कुणी हाच प्रश्न विचारला असता तर मी एवढ्या झटकन उत्तर दिलं नसतं. तिथे लाव्हा संपतो आणि फार जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. आधी खडक कोणता हे विचारावं लागलं असतं.)

मग उरतो यारीवाल्याचा अंदाज. तो अगदीच चूक नाही, पण त्याने दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत.

खडकात फटी असतात. लाव्हा थंड होताना आकसतो तेव्हाच कित्येक पडतात. पुढे कधीतरी वरच्या ओझ्याने किंवा जमिनीतल्या ताणाने फटीच्या दोन बाजू एकमेकींवर थोड्या सरकतात. सरकताना घासतात, गुळगुळीत होतात आणि सरकण्याच्या दिशेत रेघा पडतात. अशा पृष्ठाला भूशास्त्रात स्लिकनसाइड म्हणतात. बेसाल्टमध्ये त्यावर बहुतेक वेळा हिरवट किंवा पांढरं पातळ पटल असतं, कारण फटीतून झिरपणाऱ्या पाण्याने तिथे खनिजं साचवलेली असतात. तुम्ही लिहिलंय की पृष्ठभाग "ओल्या साबणासारखा हिरवट" आहे. हे वाचलं तेव्हाच माझा कल स्लिकनसाइडकडे झुकला.

एक साधी परीक्षा करून बघा. उसाचं पान बोटात धरून एका बाजूने ओढलं तर सुळकन येतं, उलट ओढलं तर बोट कापतं. तसंच त्या दगडावर रेघांच्या दिशेने बोट फिरवा, एकदा इकडून, एकदा तिकडून. बारीक पायऱ्या लागतील. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो, त्या दिशेने निघून गेलेला दगड सरकला असावा असा ढोबळ नियम आहे. ढोबळ म्हणतो, कारण काही पृष्ठांवर तो फसतो. खनिजाचे तंतू एकावर एक कौलांसारखे रचलेले दिसत असतील तर त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

पण सरकला म्हणजे किती? भूकंपाची भीती या प्रश्नावर अवलंबून आहे आणि त्याचं उत्तर रेघांमध्ये नसतं. दोन बोटं सरकलेल्या फटीवरही रेघा अगदी ठसठशीत पडतात. किती सरकला ते बघायचं तर दोन्ही बाजूंनी जाणारी एखादी ओळखीची खूण लागते. आपल्या विहिरींत ती बहुधा मिळते. काळ्या कठीण दगडाच्या खाली भोकाभोकांचा मांजऱ्या लागतो, किंवा दोन लाव्ह्यांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो पट्टा चकचकीत पृष्ठाच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच पातळीवर आहे का? असेल तर जे सरकलं ते नगण्य. फूट-दोन फुटांचा फरक दिसला तर मात्र कळवा, मी स्वतः बघायला येईन. आणि तसा फरक असला तरी ती हालचाल कधी झाली, हे रेघा सांगत नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचीही असू शकते. अशी पृष्ठं आपल्या बेसाल्टमध्ये ठिकठिकाणी सापडतात, जिथे माणसाच्या आठवणीत कधी हादरा बसला नाही अशा गावांतही.

औशाच्या माणसाला हे सांगणं सोपं नाही, याची मला कल्पना आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. तुमच्या तालुक्यात ती तारीख कुणाला सांगावी लागत नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी त्या भागातल्या विहिरींच्या नोंदी घ्यायला आम्हाला पाठवलं होतं. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते आणि आम्ही दिसलो की प्रत्येकजण काही ना काही दाखवायला घेऊन जायचा. भिंतीची भेग, शेतातली भेग, बोअरचं गढूळ झालेलं पाणी. किल्लारीजवळ काही ठिकाणी शेतात जमीन खरोखर वर उचलली गेली होती, ती मी पाहिली. पण एका गावात एका म्हाताऱ्या बाबांनी माझा हात धरून त्यांच्या विहिरीवर नेलं. काठाच्या दगडावर पाच-सहा खोल, गुळगुळीत, समांतर खाचा होत्या, बोट आत बसेल एवढ्या. "साहेब, हे भूकंपानंच झालं ना?" ते काच होते, दोराचे. त्यांच्या आजीपणजीने घागरी ओढून ओढून पाडलेले. बाबांनी ती विहीर जन्मभर पाहिली होती, पण त्या पहाटेनंतर त्यांना सगळंच नवीन दिसत होतं. मी सांगितलं तेव्हा ते खाली बसले आणि कितीतरी वेळ त्या खाचांवरून अंगठा फिरवत राहिले. तेव्हापासून कुणी घाबरून रेघ दाखवली की मी हसत नाही.

ओढलेल्या रेघांचा आणखी एक नमुना तुमच्याच शेतात आहे आणि तो बघायला विहिरीत उतरायचीही गरज नाही. विहिरीच्या वरच्या कापात काळी माती असेल. उन्हाळ्यात तिथे दोन-चार फुटांवरचं एक मोठं ढेकूळ हाताने फोडा. कोयत्याने कापू नका, नुसतं मोडा. ते आपल्या मर्जीने तिरपं तुटेल, आणि तुटलेली बाजू मेण चोळल्यासारखी तकतकीत निघेल, बारीक समांतर रेघांसकट. यालाही मृदाशास्त्रात स्लिकनसाइडच म्हणतात. इथे ना भूकंप ना हिमनदी. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आकसते. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचा भुगा त्यांत ढासळतो. पाऊस आला की खालची माती फुगायला लागते, पण भेगांत भुगा भरल्यामुळे जागा उरत नाही. मग ती तिरपी सरकते, एक ढेकूळ दुसऱ्यावर घासतं. हे दरवर्षी घडतं. जगभरातले मृदाशास्त्रज्ञ अशा जमिनींना व्हर्टिसोल म्हणतात. ती ओळखताना किमान ३० टक्के चिकणमाती आणि मोसमी भेगा यांच्या जोडीला हे तकतकीत रेघांचे पृष्ठ शोधतात. काळ्या रानात बांधलेलं घर तडकतं, विजेचा खांब कलतो, त्यामागे हीच घासाघीस असते. मला विचाराल तर मराठवाड्यात 'स्ट्रायेशन' शिकवायला याहून चांगला नमुना नाही. पण शिकवणारे पुस्तकातल्या आल्प्सच्या चित्रावर बोट ठेवतात आणि खिडकीबाहेरचं ढेकूळ तसंच राहतं.

ओढलेल्या घरातलं एक शेवटचं उदाहरण, ओझरतं. बंदुकीच्या नळीच्या आत पीळदार खाचा असतात. गोळी त्यातून जाताना तिच्या अंगावर बारीक समांतर ओरखडे उठतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत संशयित बंदुकीतून दुसरी गोळी झाडून दोन्ही गोळ्या जोड-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवतात आणि रेघेला रेघ जुळते का ते पाहतात.

आता दुसरं घर, म्हणजे घडलेल्या रेघा. यात मुलीचा धडा येतो. पण त्याआधी तुमच्याच दगडाचा एक तुकडा घ्या, ताजा फोडलेला. सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि तुकडा हातात हळूहळू फिरवा. एखादा पांढरट, लांबुळका कण अचानक आरशासारखा चमकेल. तो बहुधा प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नावाच्या खनिजाचा. तो चमकत असतानाच दहापट भिंग डोळ्याला लावून दगड जवळ आणा. कण पुरेसा मोठा असेल तर त्या चमकत्या पृष्ठावर केसांहून बारीक, आखल्यासारख्या सरळ रेघा दिसतील. त्या कुणी ओरखडलेल्या नाहीत. स्फटिक घडताना त्याचे पातळ पापुद्रे आळीपाळीने उलटसुलट दिशेत जुळलेले असतात, म्हणजे जुळ्यांची रांगच. प्रत्येक पापुद्र्याची कड म्हणजे एक रेघ. कण फोडला तरी आत तशाच रेघा निघतात. ऑर्थोक्लेज नावाच्या भावंडात त्या नसतात, म्हणून विद्यार्थ्यांना ओळखीची पहिली खूण म्हणून हीच शिकवतात.

स्फटिकांवरच्या रेघांची दिशा ही फार उपयोगाची गोष्ट आहे. क्वार्ट्झच्या खांबासारख्या स्फटिकावर त्या आडव्या असतात, टूर्मलीनवर उभ्या. खाणीतून गारगोट्यांबरोबर निघणाऱ्या अॅपोफिलाइटच्या बाजूंवरही उभ्या, आणि माथा मात्र मोत्यासारखा झळाळता. पायराइट, ज्याला लोक सोनं समजून घरी नेतात, त्याच्या घनावर प्रत्येक बाजूला रेघा असतात आणि शेजारच्या बाजूवर त्या काटकोनात वळतात. एकदा असाच एक सोन्याचा दगड घेऊन माणूस माझ्याकडे आला होता. मी रेघा दाखवल्या, त्याचा चेहरा पडला, आणि मग तो म्हणाला, "पण साहेब, थोडं तरी असेल ना?"

बेसाल्टच्या बाबतीत फसवणारं आणखी एक उदाहरण. लाव्हा थंड होताना काही ठिकाणी सहा-पाच बाजूंचे दगडी खांब तयार होतात आणि त्यांच्या बाजूंवर आडवे पट्टे दिसतात, छन्नी मारल्यासारखे. तेही घडलेलेच आहेत. थंडावा आत सरकत जातो तशी तडा एका झटक्यात न जाता टप्प्याटप्प्याने पुढे जाते, आणि प्रत्येक टप्प्याचा एक पट्टा राहतो.

हेच टप्प्याटप्प्याचं काम धातूत बघायचं असेल तर मोटारीचा तुटलेला शाफ्ट बघा. माझा मावसभाऊ वाळूजला कारखान्यात होता, त्याने मला हे पहिल्यांदा दाखवलं. एका झटक्यात तुटलेल्या लोखंडाचा चेहरा खरबरीत असतो. पण रोज थोडं थोडं चिरत जाऊन तुटलेल्या शाफ्टवर कमानदार पट्टे दिसतात, नदीचं पाणी ओसरताना वाळूत उमटतात तसे. त्यांना बीच मार्क म्हणतात. खरी फटीग स्ट्रायेशनं, म्हणजे धातू थकून चिरत गेल्याच्या रेघा, त्यांच्या आत असतात, इतकी बारीक की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तिथे साधारणपणे भाराच्या एका फेऱ्याची एक रेघ पडते, म्हणून अभियंते ती मोजून चीर किती वेगाने वाढली याचा हिशोब मांडतात. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्यांना फटीग स्ट्रायेशन म्हणणं ही नेहमी होणारी चूक आहे.

शरीरातली उदाहरणं थोडक्यात. हातापायांच्या स्नायूंत अॅक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकतील असे रचलेले असतात. एक घटक संपला की दुसरा, प्रत्येकाची लांबी दोन-अडीच मायक्रोमीटर. जिथे जाड तंतू तिथे गडद पट्टा, जिथे नुसते बारीक तंतू तिथे फिकट. अशी हजारो घटकांची रांग लागली की सूक्ष्मदर्शकाखाली पट्टे दिसतात. आतड्याच्या स्नायूंत तंतू असतात, पण अशी रांग नसते, म्हणून ते अपट्टकी. हृदयाचे स्नायू पट्टेरी असूनही आपल्या इच्छेवर चालत नाहीत, हे परीक्षेत हमखास विचारतात. गरोदरपणात किंवा वजन झपाट्याने वाढल्यावर पोटावर, मांड्यांवर रेघा उमटतात, त्यांनाही डॉक्टर स्ट्राये म्हणतात. त्वचेचा आतला थर ताणला जाऊन तिथली वीण बिघडते, आधी लालसर आणि मग पांढुरक्या होतात. आणि कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलेल्यांना काचेची डिस्चार्ज ट्यूब आठवत असेल. आतली हवा काढत गेलं की एका दाबाला उजेडाचे आणि अंधाराचे आडवे पट्टे पडतात, तेही स्ट्रायेशनच. तिथे तर ओरखडायला दगडही नाही.

आता तुमच्या विहिरीकडे परत येतो, कारण एक गोष्ट मला या सगळ्या चर्चेपेक्षा महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिलंय की तो पृष्ठभाग तिरपा आहे. तो विहिरीच्या आत उतरता आहे की भिंतीच्या आत जातो? विहिरीच्या आत उतरता असेल तर त्याच्या वर जो दगड अजून शिल्लक आहे, तो एका घसरगुंडीवर बसलेला आहे. गुळगुळीत, त्यावर हिरवट पटल, त्यात पाणी झिरपतंय. रेघ भूकंपाची असो नसो, हा दगड पावसाळ्यात खाली येऊ शकतो. माझ्या पाहण्यात विहिरींतले बरेच अपघात अशाच पृष्ठांवर झालेत. तेव्हा वरचा सुटा भाग आधी काढून घ्या, मगच त्याच्या खाली माणसं उतरवा. दोन दिवस पाऊस झाला असेल तर काम थांबवा, रोजंदारी गेली तरी चालेल. त्या बाजूला आणखी सुरुंग लावायचाच झाला तर परवानाधारक माणसाकडून कमी दारूचा लावा, आणि शेवटी त्या अंगाला काँक्रीटचं अस्तर घ्या. विहीर नुसत्या दगडावर सोडू नका.

पाण्याचं विचाराल तर अशी फट दोन्ही बाजूंनी बोलते. मोकळी असेल तर पाणी देते, घासून झालेल्या चिकण भुग्याने भरलेली असेल तर पाणी अडवते. तिच्या बुडाशी ओल दिसते का ते सकाळी, पंप चालू करायच्या आधी बघा.

आणखी फोटो पाठवणार असाल तर शेजारी टेप किंवा पट्टी धरून काढा. एक जवळून, एक लांबून पूर्ण भिंतीचा, आणि एक समोरच्या भिंतीचा, तीच फट तिकडे निघते का ते दिसायला. मोबाईलच्या होकायंत्राने दिशा घेणार असाल तर मोबाईल दगडाला टेकवू नका आणि यारीपासून लांब राहा. लोखंडाने ते चुकतंच, पण बेसाल्टमधल्या चुंबकीय खनिजांमुळे दगडाजवळही काही अंश इकडेतिकडे होतं.

आणि मुलीला एवढं सांगा की पट्टकी स्नायूचा तंतू लांबीने काढला की पट्टे त्याला आडवे काढायचे. तिफणीच्या काकरांसारखे उभे काढले की गुण जातात.